मानाचे फोल्डर

निकिताने गुरुवारी सकाळी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नव्या प्रकल्पाचे फोल्डर तयार केले आणि त्यांना क्रमांक दिले. एवढंच तिने केलं. पुढे जे झालं त्याला ती एकटी जबाबदार होती असं कोणी म्हणू नये.

कामाला शिस्त हवी, असं तिचं मत होतं आणि ते चुकीचं नव्हतं. ऑफिस होतं म्हसरूळला, एका खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आणि कंपनी होती शेतकऱ्यांची. सभासदांच्या दोन गटांचा उन्हाळ कांदा चाळींमध्ये, म्हणजे हवा खेळती राहणाऱ्या लांबट कोठारांमध्ये, साठवलेला होता. कोणत्या चाळीत किती कांदा आहे, हवा किती दमट आहे, किती माल खराब निघाला, बाजार समितीत भाव काय लागला, ही सगळी माहिती वाचून कोणत्या गटाने कांदा कधी बाहेर काढावा हे सांगणारा प्रोग्रॅम निकिताने लिहिला होता. प्रोग्रॅम चांगला होता, पण माहिती कॉम्प्युटरभर सांडलेली होती. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल आता खरंच' अशा नावांच्या फाइली एकमेकींना खेटून बसल्या होत्या, आणि त्यातली खरी कोणती हे शोधण्यात निकिताचा अर्धा दिवस जाई.

म्हणून तिने एक मोठा फोल्डर केला आणि त्याच्या आत कच्ची माहिती, साफ केलेली माहिती, प्रोग्रॅम आणि निकाल असे वेगवेगळे फोल्डर केले. कच्च्या माहितीला कोणी हात लावायचा नाही, एक माहिती दोन ठिकाणी ठेवायची नाही, आणि फोल्डरचं नाव एकदा ठेवलं की बदलायचं नाही, असे नियमही केले. नाव बदलायचं नाही याला कारण होतं. प्रोग्रॅम त्या नावाचा पत्ता धरून माहिती आणायला जातो. पत्ता बदलला की तो दारातूनच रिकाम्या हाताने परत येतो.

घाईचं कारण म्हणजे सोमवारी मुंबईच्या एका संस्थेचे अधिकारी प्रकल्प बघायला येणार होते. त्यांच्यासमोर प्रोग्रॅम नीट चालला तर संस्था प्रकल्प पुढे चालू ठेवणार होती आणि निकिताची नोकरी राहणार होती. नाही चालला, तर तिच्या वडिलांनी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या एका ओळखीच्या कंत्राटदाराकडे तिच्यासाठी गेटपास टाइप करण्याचं काम बघून ठेवलं होतं. वडील रोज जेवताना विचारत, "मग, कळवू का त्यांना?" निकिता म्हणे, "सोमवारपर्यंत थांबा." तिला गेटपास टाइप करायचे नव्हते. तिला हे काम मनापासून आवडत होतं.

तर कच्च्या माहितीच्या फोल्डरात तिने दोन गटांचे दोन फोल्डर केले. शून्य एक, लासलगाव. शून्य दोन, नांदगाव. लासलगावची माहिती आधी हातात आली होती म्हणून ती आधी, यापलीकडे तिच्या मनात काही नव्हतं.

लासलगाव गटाचे प्रमुख पुंजाआप्पा हे कंपनीचे चेअरमन. दुपारी त्यांनी भिंतीवरच्या टीव्हीवर हे फोल्डर पाहिले आणि टोपी मागे सारून म्हणाले, "लय भारी काम केलं पोरी. आता कसं, घर आवरल्यावानी वाटतंय."

त्यानंतर नांदगाव गटाच्या प्रमुख लंकाबाई आल्या. त्यांनीही टीव्ही पाहिला. बराच वेळ पाहिला.

"बरं," त्या म्हणाल्या.

"चहा घ्या ना मावशी," निकिता म्हणाली.

"नको. घेऊन आले."

त्या पाच मिनिटंही न बसता गेल्या, आणि त्या दिवशी संध्याकाळी नांदगावची माहिती आली नाही. रोज तिथल्या चाळी फिरून चांगुणा नावाची गटातली बाई फोनवर आकडे पाठवायची. निकिताने तिला फोन केला.

"मावशींनी नको सांगितलंय," चांगुणा म्हणाली. "म्हणल्या, आमची माहिती दुय्यम हाय, तिची काय एवढी घाई."

हे काय प्रकरण आहे ते निकिताला संतोषने समजावून सांगितलं. संतोष कंपनीचा मॅनेजर. पण त्याची खरी कीर्ती होती ती लग्नात माइक हातात घेऊन पाहुण्यांची नावं पुकारण्यात. कोणाचं नाव कोणाच्या आधी घ्यायचं, कोणाला फेटा आणि कोणाला नुसती टोपी, या विषयात पंचक्रोशीत त्याचा शब्द प्रमाण मानत.

"अहो मॅडम, ते दोघं व्याही आहेत," संतोष म्हणाला. "आप्पांची पोरगी लंकाबाईंच्या पोराला दिलीय. मे महिन्यात लग्न झालं. म्हणजे लंकाबाई वरमाय. मुलाची आई. आणि तुम्ही तिला टाकलं दोन नंबरला, मुलीच्या बापाखाली!"

"पण हे फोल्डर आहेत!"

"लग्नपत्रिका पण कागदच असतो."

निकिता हुशार होती. तिने वाद न घालता क्रमांक बदलले, प्रोग्रॅममधले पत्ते बदलले आणि नांदगावला शून्य एक केलं. संतोषने टीव्हीचा फोटो काढून लंकाबाईंना पाठवला. तासाभरात चांगुणाचे आकडे आले. निकिता समाधानाने घरी गेली.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. विहीणबाईंविरुद्ध एक शब्दही ते बोलले नाहीत. मुलीच्या बापाने बोलायचं नसतं. ते खुर्चीत बसले, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "सोमवारी मला काय यायला जमंल असं वाटत नाय. मार्केटला टॅक्टर लावायचेत."

"आप्पा, तुम्ही चेअरमन आहात! पाहुणे तुम्हालाच भेटायला येणार."

"चेअरमन एक नंबरला असतो," आप्पा शांतपणे म्हणाले. "दोन नंबरच्या माणसाला कोण भेटतंय? माझं काय नाय पोरी, मला मानाची हाव नाय. पण गावाला काय सांगू?"

फोटो गावापर्यंत पोचला होता, हे उघड होतं.

मग संतोषने दोघांनाही शून्य एक देण्याचा तोडगा काढला. निकिताने पुन्हा पत्ते बदलले. पण क्रमांक सारखे झाल्यावर कॉम्प्युटर नावाच्या अक्षरावर गेला आणि इंग्रजी नावं होती म्हणून त्याने लासलगावला वर ठेवलं. नावं मराठीत केली तर नांदगाव वर आलं. कॉम्प्युटरला कोणीतरी एक वर लागतोच, आणि त्या दोघांपैकी खाली राहायला कोणी तयार नव्हतं.

"यादीच नको," निकिता शेवटी म्हणाली. तिने फोल्डरांची मोठी चित्रं केली आणि ती एका ओळीत शेजारी शेजारी मांडली. हा उपाय खरोखर चांगला होता. आप्पांना वाटलं, डावीकडचा आपण, म्हणजे वाचताना पहिला मान आपला. लंकाबाईंना वाटलं, उजवी बाजू मानाची, आणि तिथे आपण आहोत. दोघं एकाच वेळी समाधानी होती, आणि तसं त्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

शनिवारी रंगीत तालीम घेतली. दोघंही हजर होती. निकिताने कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. टीव्हीवर कॉम्प्युटरची खिडकी थोडी अरुंद उघडली आणि उजवीकडच्या फोल्डरला जागा पुरली नाही. नांदगाव सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खालच्या ओळीत उतरलं.

लंकाबाई उठल्या. पिशवी उचलली.

"मावशी, खिडकी लहान झाली म्हणून झालं ते," निकिता काकुळतीने म्हणाली.

"खिडकी लहान झाली की आम्हीच खाली उतरायचं का?" लंकाबाई म्हणाल्या. "लग्नात पण असंच झालं. मांडव लहान पडला, तर माझ्या दिराला उन्हात बसवलं."

"तो स्वतः बसला विहीणबाई, सावलीत गरम होतंय म्हणून!" आप्पांना राहवलं नाही.

"त्याला कोणी सावलीत बस म्हणलं का?"

आता संतोष पुढे झाला. अशा प्रसंगीच तो खुलायचा. भिंतीवर कंपनीच्या संस्थापक कैलासवासी भागीबाईंचा फोटो होता. ही सोयरीकही भागीबाईंनीच जमवली होती. संतोषने फोटोकडे हात केला आणि माइक नसतानाही माइकवरच्या आवाजात म्हणाला, "सगळ्यात वर भागीबाईंचा फोल्डर करू. आणि तुम्ही दोघंही त्यांच्या आत. माउलीच्या पदराखाली कोण पुढं अन् कोण मागं, हे बघायचं नसतं."

आप्पांनी मान हलवली. लंकाबाईंनी पिशवी खाली ठेवली. दोघांचाही भागीबाईंवर जीव होता, आणि तो खरा होता.

निकिताने 'कै. भागीबाई' नावाचा फोल्डर केला आणि दोन्ही गट त्यात ठेवले. सगळे भारावलेले असताना संतोष म्हणाला, "आता चालवा प्रोग्रॅम!" निकिता पत्ते बदलायला एक मिनिट मागणार होती, पण तेवढ्यात त्याने उत्साहाने बटण दाबलं.

प्रोग्रॅमची समजूत अशी होती की कच्च्या माहितीत जो फोल्डर दिसेल तो एक गट. त्याला एकच फोल्डर दिसला. टीव्हीवर मोठ्या अक्षरांत निकाल आला:

गट : कै. भागीबाई. शिल्लक साठा : शून्य. सूचना : उशीर झाला आहे.

आप्पांनी टोपी काढली. लंकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"खरंय बाई," त्या म्हणाल्या. "उशीरच झाला. आधी दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं."

"मी म्हणत होतो तेव्हा," आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

त्या दिवशी पुढचं काम होणं शक्य नव्हतं. पण दोघंही एकाच गाडीतून परत गेली, एवढी प्रगती झाली.

रविवारी निकिता एकटीच ऑफिसात आली. रिकाम्या ऑफिसात बसल्यावर तिला रडू आलं. चार दिवसांत तिने प्रोग्रॅमपेक्षा पत्तेच जास्त लिहिले होते, आणि उद्या संस्थेचा माणूस येणार होता. पोटभर रडून झाल्यावर तिने एक निर्णय घेतला. टीव्हीवर दिसणारा भागीबाईंचा फोल्डर तसाच ठेवायचा. त्याला हात लावायचा नाही. खरी माहिती मात्र दुसरीकडे न्यायची, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा ठिकाणी, आणि तिथल्या फोल्डरांना क आणि ख एवढंच म्हणायचं. प्रोग्रॅमला तोच पत्ता द्यायचा आणि क कोणता गट, ख कोणता, हेही त्यालाच सांगून ठेवायचं. तिने तसं केलं. प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला. आता एक माहिती दोन ठिकाणी ठेवायची नाही, हा तिचाच नियम होता. म्हणून भागीबाईंच्या फोल्डरातली माहिती तिने काढून टाकली. शिस्तीच्या माणसाकडून अशा चुका होतात.

सोमवारी संस्थेचे अधिकारी आले. त्यांचं नाव हर्षल. वयाने तरुण, बोलायला मोजके. आप्पांनी शाल दिली, लंकाबाईंनी नारळ दिला, संतोषने दोघांची नावं एका श्वासात घेतली, म्हणजे कोण आधी हे कोणालाच कळलं नाही.

"छान," हर्षल म्हणाले. "आधी तुमची माहिती कशी ठेवलीय ते बघू." आणि निकिता काही म्हणायच्या आत त्यांनी माऊस हातात घेऊन भागीबाईंचा फोल्डर उघडला. मग लासलगावचा उघडला. रिकामा. मग नांदगावचा. तोही रिकामा.

"डेटा कुठंय?"

आप्पांनी निकिताकडे पाहिलं. लंकाबाईंनी निकिताकडे पाहिलं.

"आमचा रिकामा?" लंकाबाई म्हणाल्या. "चांगुणा रोज चाळी फिरती, ते काय उगीच?"

"माझा पण रिकामाच हाय," आप्पा म्हणाले. त्यातल्या त्यात त्यांना याचा थोडा धीर वाटला असावा.

हर्षल यांनी माऊस सोडला आणि बॅगेची चेन हातात धरली. निकिताला डोळ्यांसमोर एकलहऱ्याचं गेट दिसलं. लपवण्यात आता अर्थ नव्हता.

"सर, हे मानाचे फोल्डर आहेत," ती म्हणाली. "कामाचे वेगळे आहेत."

"मानाचे म्हणजे?"

"साहेब, लग्नात पुढच्या सोफ्यावर बसणारे वेगळे आणि पंगतीत वाढणारे वेगळे," संतोषने खुलासा केला. "तसं."

हर्षल यांचं स्वतःचं लग्न गेल्याच वर्षी झालं होतं. त्यांना लगेच समजलं. त्यांनी बॅगेची चेन सोडली.

"मला वाढणारे दाखवा," ते म्हणाले.

निकिताने कामाचा फोल्डर उघडला. क आणि ख. आप्पा आणि लंकाबाई दोघांच्याही माना पुढे आल्या, पण कोण क आणि कोण ख हे विचारायची ती वेळ नव्हती. तिने देवाचं नाव घेऊन प्रोग्रॅम चालवला. टीव्हीवर यादी आली:

तातडीने कांदा बाहेर काढावा : १. नांदगाव. २. लासलगाव.

"अरे वा," हर्षल म्हणाले. "म्हणजे पहिल्या नंबरचा माल सगळ्यात आधी खराब होणार?"

"हो सर."

लंकाबाई खुर्चीत सावरून बसल्या. मग अत्यंत नम्र आवाजात म्हणाल्या, "असं कसं? चेअरमन असताना आम्ही पहिलं बसायचं म्हणजे काय? पहिला मान आप्पांचा."

"छे छे, विहीणबाई," आप्पांनी हात जोडले. "तुम्ही मुलाकडच्या. मुलीच्या बापानं पुढं पुढं करू नये. मी आपला दोन नंबरलाच बरा."

"तुम्ही वडीलधारे."

"तुम्ही वरमाय."

"मी मागून येईन."

"तुमच्याशिवाय मी पाऊल टाकणार नाय."

हर्षल दोघांकडे आळीपाळीने बघत होते. इतका समंजसपणा त्यांनी कोणत्याच कंपनीत पाहिला नव्हता, आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. पण मग ते म्हणाले, "हे खरं आहे का, हे आत्ता तपासता येईल?"

लंकाबाईंनी ताबडतोब फोन काढला. आपल्या चाळीवरचा डाग पुसायला त्या अधीर झाल्या होत्या. "चांगुणा, आपल्या चाळीत जा आणि खालच्या थरात हात घाल. फोन चालू ठेव. इथं साहेब ऐकताहेत."

फोनमधून चपलांचा आवाज आला, मग चाळीच्या दाराचा. सगळे टीव्हीऐवजी फोनकडे बघत होते. बऱ्याच वेळाने चांगुणाचा आवाज आला.

"मावशी, वरून बरा दिसतोय. पण खाली हात घातला तर गरम लागतंय. ओल सुटलीय. वास पण येतोय."

"किती?"

"एका कोपऱ्यात हाय अजून. आज उपसला तर बाकीचा वाचंल."

लंकाबाईंचा चेहरा उतरला. त्या चाळीत गटातल्या सगळ्या बायकांचा माल होता, वर्षभराचा. "बायांना गोळा कर. आत्ता. मी निघालेच," त्या म्हणाल्या आणि उठल्या. आप्पाही उठले. "माझी गाडी खालीच हाय. आणि गावातली पोरं लावून देतो उपसायला," ते म्हणाले. या वेळी कोणी कोणाला आधी जा म्हटलं नाही. दारात दोघं एकदमच शिरली आणि क्षणभर अडकली.

तिथूनच लंकाबाई मागे वळल्या. निकिताजवळ आल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

"पोरी, तू नसतीस तर आम्ही कुजल्यावर कळालं असतं," त्या म्हणाल्या. निकिताचे डोळे भरून आले.

प्रकल्प मंजूर झाला. हर्षल यांनी तसं जागेवरच सांगितलं आणि मुंबईला निघाले. निकिताने वडिलांना फोन करून कळवलं की कंत्राटदाराला नाही म्हणून सांगा. वडील म्हणाले, "बघ बुवा, पर्मनंट आहे ना?" आणि त्यांच्या आवाजातला आनंद त्यांना लपवता आला नाही. संध्याकाळी नांदगावहून फोन आला, की कोपरा उपसला, बाकीचा कांदा वाचला.

ऑफिस बंद करायच्या वेळी संतोषचा फोन वाजला. हर्षल यांनी कंपनीच्या ग्रुपवर संदेश टाकला होता. संतोषने तो खड्या आवाजात वाचून दाखवला:

"आजचा प्रकल्प पाहून मनापासून आनंद झाला. याचं संपूर्ण श्रेय चेअरमन श्री. पुंजाआप्पा, श्रीमती लंकाबाई, मॅनेजर श्री. संतोष आणि इतर सहकाऱ्यांना जातं."

"वा," निकिता म्हणाली.

"छान लिहिलंय, नाही?"

"छान आहे की."

ती कॉम्प्युटरकडे वळली. काहीतरी टाइप केलं, ते खोडलं. माऊस उगीचच इकडून तिकडे सरकवला. तिला काम मिळालं होतं, कांदा वाचला होता, लंकाबाईंनी गालावरून हात फिरवला होता. नाराज व्हावं असं काहीही झालं नव्हतं. ती नाराज नव्हतीच. फक्त संतोषने "निघायचं का मॅडम?" असं विचारलं, तेव्हा ती "तुम्ही व्हा पुढे" म्हणाली आणि त्याच्याकडे बघितलं नाही.

संतोष थांबला. त्याने आयुष्यात शेकडो मांडव पाहिले होते. असं न बघणं त्याच्या चांगलं ओळखीचं होतं. तो परत खुर्चीत बसला, घसा साफ केला आणि फोन लावला.

"साहेब, नमस्कार, संतोष बोलतोय. नाही नाही, सगळं ठीक. तुमच्या त्या संदेशात एक छोटीशी दुरुस्ती होती. एक नाव राहिलंय. हो, त्या प्रोग्रॅमवाल्या मॅडमचं. निकिता म्हणून..."

निकिताने त्याला अडवलं नाही. खिडकीबाहेर बघत तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग हलक्या आवाजात म्हणाली,

"संतोषदादा, आडनावासकट सांगा. आणि ते 'इतर'च्या वर टाकायला सांगू नका. सगळ्यात वर."